बाळाच्या औषधाचा हिशेब कोण तपासतं?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून जास्त मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. यातली काही मुलं नागपूरला उपचारांसाठी आणली होती, त्यामुळे महाराष्ट्रातही घराघरांत त्याची चर्चा झाली. तेव्हापासून सातारा-सांगलीकडे बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आईबाप बाटली उलटसुलट करून विचारतात, “डॉक्टर, ह्ये चालंल न्हवं?”

प्रश्न रास्तच आहे, आणि तो विचारत राहावा. पण तो बाटलीपुरता आहे. बाटली चांगली, कंपनी चांगली, डॉक्टर हुशार, सिस्टर तत्पर, आणि तरीही ॲडमिट असलेल्या मुलाला चुकीच्या मापात औषध जाऊ शकतं. ती चूक मुलापर्यंत पोहोचण्याआधी पकडणं हे ज्याचं रोजचं काम असतं, तो माणूस आपल्याकडच्या बहुतेक वॉर्डांत नाही. त्याला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात.

मेडिकलमधला फार्मासिस्ट आणि हा, एकच का?

फार्मासिस्ट म्हटलं की आपल्याला मेडिकलच्या काउंटरपलीकडचा माणूस आठवतो. चिठ्ठी वाचून नेमकं औषध देणं हे त्याचं काम, आणि तेही जबाबदारीचं. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचं औषध कुणी देऊ शकत नाही.

क्लिनिकल फार्मासिस्ट मात्र काउंटर सोडून वॉर्डात येतो. डॉक्टरांबरोबर राउंडला फिरतो, केसपेपर वाचतो, रक्ताचे रिपोर्ट पाहतो आणि प्रत्येक औषधाबद्दल ठरावीक गोष्टी तपासतो: हे औषध या मुलाला हवंच आहे का, वजनाप्रमाणे मात्रा बरोबर आहे का, दुसऱ्या औषधाशी किंवा सलाईनशी त्याचं जमतं का, मूत्रपिंड आणि यकृत ते सोसतील का, आणि बाळाच्या आईला ते घरी नीट देता येईल का. औषध बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. तो सुचवतो, ठरवतात डॉक्टरच.

यासाठी भारतात २००८ पासून फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांमध्ये २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हे पदही त्यात आलं. कागदावर पद आहे, शिकलेली मुलंमुली आहेत. वॉर्डात खुर्ची नाही.

मोठ्यांची अर्धी गोळी म्हणजे मुलाचं औषध नव्हे

तापाची गोळी मोठ्या माणसाला एक, मग पोराला अर्धी किंवा पाव, हा हिशेब आपल्या घरोघरी चालतो. शरीर असं चालत नाही. नवजात बाळाच्या शरीरात पाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, मूत्रपिंडं अजून पुरती तयार नसतात, यकृताची औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा आठवड्यागणिक बदलते. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीचं बाळ आणि तेच बाळ महिन्याचं झालेलं, औषधाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं असतात.

याची किंमत वैद्यकशास्त्राने मोजलेली आहे. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या काळचं नावाजलेलं अँटिबायोटिक नवजात बाळांनाही दिलं जाई. त्यांच्या यकृताला ते पेललं नाही, औषध अंगात साठत गेलं, बाळं राखाडी पडून दगावली. १९५९ मध्ये त्याचं कारण उलगडलं. त्या विकाराला आजही ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ म्हणतात. औषध नेहमीचंच होतं. वय वेगळं होतं.

एक टिंब, आणि मात्रा दहापट

मोठ्यांच्या वॉर्डात बऱ्याच औषधांची मात्रा ठरलेली असते: ही गोळी एक, ते इंजेक्शन एक. मुलांच्या वॉर्डात दर वेळी गणित करावं लागतं. वजन किती, किलोमागे किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये किती औषध, म्हणजे सिरिंजमध्ये किती ओढायचं. एका डोसमागे चार-पाच गुणाकार-भागाकार, एका मुलाला चार-पाच औषधं, वॉर्डात वीस मुलं. हे सगळं रात्रपाळीत, रडारडीत, घाईत.

यात सगळ्यात घातक चूक दशांश चिन्हाची. ‘.5’ लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, की ते ‘5’ वाचलं जातं. ‘5.0’ मधलं टिंब दिसलं नाही, की ‘50’. दोन्हीकडे मात्रा दहापट. म्हणून जगभर नियम आहे की टिंबाआधी शून्य लिहायचंच आणि पूर्ण आकड्यानंतर टिंब-शून्य लिहायचं नाही. साधा नियम, पण केसपेपर चाळून पाहा, किती पाळला जातो.

मोठ्या माणसाच्या बाबतीत दहापट चूक झाली तर एका वेळी दहा ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनच्या कुप्या, फोडाव्या लागतात, आणि सिस्टरचा हात आपोआप थांबतो. मुलाच्या बाबतीत दहापट मात्राही एकाच कुपीत मावते. चूक डोळ्यांना खटकतच नाही.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला हे चटकन कळेल. मण्यांची फुगवण करायला तो जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक) वापरतो, तेव्हा शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. घड कुठल्या अवस्थेत आहे यावर मात्रा बदलते, आणि जास्त झाली तर अख्खा बहर हातचा जातो. तरीही तो नुसत्या दुकानदाराच्या सांगण्यावर फवारत नाही. सल्लागार बागेत येतो, घड हातात घेऊन पाहतो, आधी काय मारलंय ते विचारतो, मग वही उघडतो. त्याचे पैसे वेगळे मोजायला आपला शेतकरी कधी कुरकुरलेला नाही. वॉर्डात खाटेपाशी येऊन तेवढंच पाहणारा माणूस मागणं यात जगावेगळं काय आहे?

एका खाटेपाशी

समजा, आटपाडीकडून दीड वर्षाची मुलगी मिरजेला आणली आहे. तापात झटके आलेत, पहिल्या औषधाने थांबलेले नाहीत. आता फेनिटॉइन हे झटक्यांवरचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. किलोमागे २० मिलिग्रॅम. घाईत वजन विचारलं, आई म्हणाली, “आसंल अकरा-बारा.” वयाच्या मानानेही अकरा पटण्यासारखं, म्हणून केसपेपरवर ११ किलो. हिशेब २२० मिलिग्रॅम.

क्लिनिकल फार्मासिस्टचा पहिला प्रश्न असतो, “काट्यावर घेतलंय का?” काटा दाखवतो ८.४ किलो. मुलगी गेले काही महिने नीट खात नव्हती, आणि चादरीत गुंडाळलेली असल्यामुळे ते दिसलं नव्हतं. म्हणजे खरी मात्रा १६८ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्युलमधून ४.४ ऐवजी सुमारे ३.४ मिलिलिटर. फरक एका मिलिलिटरचा, पण हे औषध जास्त किंवा वेगाने गेलं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात.

दुसरा प्रश्न: कशात मिसळताय? फेनिटॉइन साखरेच्या सलाईनमध्ये, म्हणजे डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं की त्याचे स्फटिक बनतात. ते नॉर्मल, म्हणजे मिठाच्या सलाईनमध्येच मिसळायचं. तिसरा प्रश्न: किती वेळात? किलोमागे मिनिटाला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेग नको, म्हणजे किमान वीस मिनिटं. चौथा: मेंदूज्वराच्या शंकेने सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिकही सुरू होणार आहे आणि हाताला रिंगर लॅक्टेट हे सलाईन चालू आहे. रिंगरमध्ये कॅल्शियम असतं, सेफ्ट्रायॅक्सोनशी एकत्र आलं की साका बनू शकतो. ही दोन्ही एका नळीतून एकत्र सोडायची नाहीत, मध्ये नळी धुऊन घ्यायची. हीच मुलगी २८ दिवसांच्या आतलं बाळ असती आणि कॅल्शियमचं सलाईन लागणार असतं, तर सेफ्ट्रायॅक्सोनच टाळायला हवं होतं.

यातलं डॉक्टरांना काहीच माहीत नसतं असं नाही. सगळं माहीत असतं. पण त्या क्षणी त्यांचं लक्ष मुलीच्या श्वासाकडे असतं, आणि ते तिथेच असायला हवं. (वरचे आकडे हिशेब कळावा म्हणून दिलेत. घरी कुणी त्यावरून औषध देऊ नये.)

प्रत्येक औषध वजनावर नसतं

एवढं वाचून वाटेल, मग वजनाने गुणलं की झालं. साप चावलेल्या मुलाच्या बाबतीत हे उलटं आहे. ऊसपट्ट्यात सर्पदंश नेहमीचा, आणि चिमुरड्या मुलाला सापाच्या विषावरच्या लसीच्या आठ-दहा बाटल्या चढवायला सुरुवात झाली की नातेवाईक घाबरतात: “एवढ्याशा पोराला एवढं?” हो, एवढंच. सापाने लहान मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. लस विषाला मारायची असते, म्हणून मात्रा मोठ्यांइतकीच. इथे वजनाने भाग दिला तर मूल जाईल.

विंचवाचं पुन्हा वेगळं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी भाग. बाजारात प्राझोसिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात, आणि त्या फोडायच्या किंवा कुटायच्या नसतात. रात्री दोन वाजता कपाटात हळू विरघळणारी गोळीच निघाली, तर? साधी गोळी कपाटात आहे ना, हे आठवडाभर आधी तपासून ठेवणं हेही याच माणसाचं काम.

“डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, मग हा तिसरा कशाला?”

हा आक्षेप डॉक्टरांकडूनही येतो. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. बॉस्टनमधल्या दोन रुग्णालयांतल्या मुलांच्या वॉर्डांत १०,७७८ औषध-आदेश, म्हणजे औषध देण्याच्या लेखी सूचना, तपासून २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत ६१६ चुका सापडल्या. घाबरून जाऊ नका: मुलांना औषधाने प्रत्यक्ष इजा झाल्याचे प्रसंग २६ होते, आणि त्यातले टाळता येण्याजोगे ५. पण ज्यांतून इजा होऊ शकली असती अशा चुकांचं प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत तिप्पट होतं, आणि बहुतेक चुका औषध लिहितानाच झाल्या होत्या. अशा धोक्याच्या चुकांपैकी ९४ टक्के वॉर्डात क्लिनिकल फार्मासिस्ट असता तर अडवता आल्या असत्या, असा तपासणाऱ्या डॉक्टरांचाच अंदाज होता.

अंदाज खरा ठरतो का, हे त्याच गटातल्या संशोधकांनी पुढे २००८ मध्ये मांडलं. मुलांच्या अतिदक्षता विभागात पूर्णवेळ क्लिनिकल फार्मासिस्ट नेमला, तेव्हा रुग्णांच्या दर हजार दिवसांमागे गंभीर चुका २९ वरून ६ वर आल्या. मात्र साध्या वॉर्डांत तो अर्धवेळ होता, तिथे फरक पडला नाही. हा दुसरा भाग सांगायला लोक विसरतात. मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. दिवसातून तासभर डोकावून जाणारा माणूस नेमला आणि फलकावर नाव लावलं, की मूल सुरक्षित झालं असं होत नाही.

“कॉम्प्युटर करेल की हे”

काही प्रमाणात करेलच. त्याच बॉस्टनच्या अभ्यासात संगणकावर औषध लिहिण्याच्या पद्धतीचा अंदाजे फायदा ९३ टक्के, म्हणजे जवळपास सारखा होता. पण संगणकात ११ किलो भरलं तर तो ११ किलोचाच चोख हिशेब देईल. चादर बाजूला करून मुलीला काट्यावर ठेवायला सांगणार नाही.

“कोल्ड्रिफ त्याने थोडंच ओळखलं असतं?”

नाही. बाटलीतली भेसळ डोळ्यांनी दिसत नाही, ती प्रयोगशाळेतच सापडते. कारखान्यात तपासणी करणं हे सरकारी यंत्रणेचं काम आहे, आणि ते झालं नाही याचा दोष वॉर्डातल्या कुणावर ढकलता येणार नाही.

तरी दोन ठिकाणी अशा माणसाचा उपयोग झाला असता. पहिलं, औषध हवंच होतं का? त्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन ही सर्दीची औषधं होती. या जोडीच्या औषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापा, हे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. दगावलेल्यांतली बरीच मुलं पाच वर्षांखालची होती. दुसरं, एकाच भागातली दोन-तीन मुलं लघवी बंद झाली म्हणून आली, की प्रत्येकाच्या घरून बाटल्या मागवून नावं आणि बॅच नंबर जुळवून पाहणं. ही सवय याच शिक्षणात लागते. अशा प्रसंगांची नोंद करायला २०१० पासून देशात औषध-दक्षता कार्यक्रम आहे. त्याचं केंद्र गाझियाबादला, टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. तिथे आईबापसुद्धा तक्रार नोंदवू शकतात, हे फार थोड्यांना माहीत आहे.

डिस्चार्जच्या दिवशी

मला सगळ्यात जास्त काळजी या दिवसाची वाटते. बिलाची धावपळ, एसटीची वेळ, आणि आईच्या हातात औषधांची पिशवी. “सकाळ-संध्याकाळ द्या” एवढंच कानावर पडतं.

पॅरासिटामॉलचंच घ्या. लहान बाळांचे थेंब येतात, त्यात बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. सिरप येतं, त्यात पाच मिलिलिटरला १२५. दुसरं सिरप, पाच मिलिलिटरला २५०. तिन्हींचं नाव एकच, चित्रही बहुधा एकाच बाळाचं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्यातून दीड मिलिलिटर, दुसऱ्यातून सहा, तिसऱ्यातून तीन. मागच्या वेळी सहा मिलिलिटर सांगितलं होतं म्हणून आईने या वेळी थेंबांच्या बाटलीतून सहा दिलं, तर चौपट मात्रा गेली. दिवसातून चार वेळा, तीन दिवस असं चाललं तर यकृत धोक्यात. आणि ‘एक टोपण’, ‘अर्धा चमचा’ ही मापं तर प्रत्येक घरात वेगळी. औषधासोबतचा मापाचा कप किंवा सुईविना सिरिंज, दुसरं काही नको. सिरिंजवर पेनने रेघ मारून आईच्या हातात द्यायची आणि तिच्याकडून एकदा पाणी ओढून घ्यायचं, हे दोन मिनिटांचं काम आहे.

मग कोरड्या पावडरीची अँटिबायोटिकची बाटली. रेघेपर्यंत पाणी घातलं, हलवलं, की फेस बसून पातळी खाली जाते. पुन्हा रेघेपर्यंत भरावं लागतं, नाहीतर औषध दाट राहतं आणि मात्रा वाढते. अशा बऱ्याच औषधांना कालवल्यावर फ्रीज लागतो आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं असतं. जतच्या किंवा माणच्या उन्हाळ्यात, वीज जाते-येते अशा वस्तीवर, फ्रीज कुठला? नाही असं कळलं तर फार्मासिस्ट डॉक्टरांना पाण्यात विरघळणारी गोळी सुचवतो. पण त्यासाठी कुणीतरी आईला विचारायला हवं, “ताई, घरी फ्रीज आहे का?” हा प्रश्न डिस्चार्ज कार्डावर छापलेला नसतो.

झटक्यांचं फेनिटॉइन सिरप न हलवता दिलं, तर वरचे डोस फिके आणि तळाचे तीव्र. आधी झटके येतात, मग पोर गुंगीत जातं, आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडेना. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते. आधी सांगितलं नसेल तर आजी ते बघून औषध बंद करते, आणि तिची काही चूक नसते.

“आमच्या वीस खाटांच्या दवाखान्याला परवडेल का?”

कऱ्हाड, विटा, इस्लामपूर, फलटण इथल्या लहान मुलांच्या दवाखान्यांचा हा प्रश्न खरा आहे. एका डॉक्टर दांपत्याने चालवलेल्या वीस खाटांना पूर्णवेळ क्लिनिकल फार्मासिस्टचा पगार झेपणार नाही, आणि अर्धवेळाचा अनुभव वर दिलाच आहे. अशा ठिकाणी निदान काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत: प्रत्येक केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात काट्यावर घेतलेलं वजन, तारखेसह. नेहमीच्या इंजेक्शनांसाठी भिंतीवर किलोनुसार मिलिलिटरचा तक्ता, म्हणजे रात्री गणित करावं लागणार नाही. पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल साध्या पाण्याच्या ॲम्प्युलपासून वेगळ्या कप्प्यात, कारण दिसायला दोन्ही सारखी आणि पोटॅशियम थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. धोक्याच्या औषधाचं माप दोघींनी वेगवेगळं करून जुळवणं.

पण हे लहानांचं झालं. जिल्हा रुग्णालयं आणि मिरज-साताऱ्यातली वैद्यकीय महाविद्यालयं यांना ही सबब नाही. इथे नवजात शिशूंचे विशेष कक्ष आहेत, एक-दीड किलोची बाळं काचेच्या पेटीत आहेत, आणि त्यांच्या औषधाचं माप ०.१ मिलिलिटरच्या घरात असतं. आपल्याच भागातून दरवर्षी फार्मसीची पदवी घेऊन मुलंमुली बाहेर पडतात आणि पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत संगणकापुढे बसतात. त्यातल्या दोघा-तिघांना आपल्या जिल्ह्यात वॉर्डातलं काम का मिळू नये? पदं मंजूर करून घ्यायला जिल्हा नियोजन समितीपासून आमदारांपर्यंत पाठपुरावा लागेल, आणि तो डॉक्टरांनी आणि पालकांनी मिळून करावा. सुरुवात सगळ्या वॉर्डांपासून नको. नवजात कक्ष आणि मुलांचा अतिदक्षता विभाग, दोनच जागा, पण दोन्ही पूर्णवेळ.